आमच्या मागचा नाला नकाशात सरळ कसा झाला? नियोजन समितीला खुलं पत्र

प्रति,
शहराच्या नियोजन समितीचे सर्व सदस्य
आणि प्रारूप विकास आराखडा तयार करणारे नगररचना अधिकारी

विषय: आराखड्याची मार्गदर्शक तत्त्वं आणि प्रत्यक्ष नकाशा यांतली तफावत

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

मागच्या सोमवारी मी आराखडा बघायला सभागृहात आले होते. नकाशे भिंतीवर उंच लावलेले असल्यामुळे वरच्या भागातले गट क्रमांक खालून वाचता येत नव्हते. तिथल्या शिपाईदादांनी स्टूल आणून दिलं, धरूनही ठेवलं. त्यांचे आभार. स्टुलावर उभी राहून मी भिंगातून आमच्या वस्तीमागचा नाला शोधत होते. नाला सापडला, पण ओळखू येईना. त्याची वळणं नाहीशी झाली होती. पट्टी ठेवून ओढल्यासारखी एक सरळ, बारीक निळी रेघ तेवढी होती.

त्या रेघेमुळे हे पत्र लिहिते आहे. हरकतीचा अर्ज मी रीतसर दिला आहे आणि त्याची पोचही घेतली आहे. पण त्या छापील अर्जात हरकतीसाठी चार ओळींची जागा आहे. मला सांगायचंय ते चार ओळींत मावणारं नाही आणि ते फक्त माझ्या गट क्रमांकाबद्दलचं नाही.

मी निवृत्त आरेखक. एका खाजगी वास्तुविशारदाच्या कार्यालयात आयुष्यभर नकाशे काढले. सुरुवातीला ट्रेसिंगवर शाईने, नंतर संगणकावर. इमारतींचे, लेआउटचे, जोत्यांचे. त्यामुळे बांधकामाला माझा विरोध आहे असा समज कृपा करून करून घेऊ नका. लोकांना घरं हवीत. मुंबईत न परवडणारी माणसं कल्याणच्या पुढे आमच्यासारख्या गावांत आली, त्यांत मीही आले. माझं घर ज्या जमिनीवर आहे, तिथे कधी काळी भाताची खाचरं होती. म्हणून गाव होतं तसंच राहावं असं म्हणण्याचा अधिकार मला नाही. जे तुम्ही स्वतः लिहून दिलंय त्याप्रमाणे नकाशा काढा, एवढं म्हणण्याचा मात्र आहे.

शहराचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. पत्र कुणाला आहे ते तुम्हाला कळेल. इतर वाचणाऱ्यांनी आपापल्या शहराचं नाव त्या जागी घालून पाहावं.

तुमच्या अहवालाचं पहिलं प्रकरण मी दोनदा वाचलं. नियोजनाची मार्गदर्शक तत्त्वं त्यात मांडली आहेत आणि ती खरोखर चांगली आहेत. पाण्याचे नैसर्गिक मार्ग आणि पाणथळ जागा राखायच्या. प्रत्येक घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर मैदान किंवा बाग असावी. दाट वस्ती स्थानकाच्या आणि बसच्या मार्गांच्या जवळ वाढावी. राहणं आणि पोटापाण्याचा उद्योग एकमेकांपासून तोडू नयेत. विकासाचा भार आणि फायदा सगळ्यांना न्यायाने वाटला जावा. ज्याने कुणी हे लिहिलं त्याला शहर कळतं, असं वाचताना वाटत राहिलं. मग मी नकाशे उघडले. तत्त्वं लिहिणारा आणि नकाशात रंग भरणारा यांची एकदाही गाठ पडली नसावी असं वाटलं.

नाल्याचंच बघू.

घरी आल्यावर मी माझं जुनं सामान काढलं. सध्याच्या मंजूर आराखड्याची आमच्या भागाची शीट माझ्याकडे होती. नवी शीट संकेतस्थळावरून उतरवून त्याच मापात छापून आणली. जुनी शीट बाल्कनीच्या काचेला चिकटवली, वर ट्रेसिंग पेपर लावला आणि सकाळच्या उजेडात रस्ते, रूळ, विहीर, शाळेची भिंत, नाला असं सगळं शाईने उतरवलं. मग तो ट्रेसिंग नव्या शीटवर ठेवला. रूळ जुळले. शाळेची भिंत जुळली. विहीरसुद्धा जुळली. नाला मात्र तीन ठिकाणी जुळला नाही.

त्यातली दोन ठिकाणं किरकोळ आहेत, मापातली चूक म्हणून सोडून देता येतील. तिसरं ठिकाण शाळेच्या खालच्या अंगाला आहे. तिथे नाला मोठं वळण घेतो आणि पसरतो. पावसाळाभर तिथे गुडघाभर पाणी उभं असतं. मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला की जुन्या गावातली माणसं वलगणीचे मासे धरायला रात्री बॅटऱ्या घेऊन तिथेच उतरतात. जुन्या नकाशात ही जागा हिरवी होती. नव्या नकाशात नाला सरळ झाला, वळण गेलं आणि त्या वळणाची जमीन पिवळी झाली. पिवळी म्हणजे निवासी, हिरवी म्हणजे शेतीची किंवा मोकळी.

मी एवढ्यावर थांबले नाही. आमच्या इमारतीतली कॉलेजात जाणारी दोन मुलं आणि टेप घेऊन नाल्यावर गेले. शाळेजवळच्या पुलापाशी काठापासून काठापर्यंतचं अंतर ११ मीटर भरलं. नव्या नकाशातल्या निळ्या पट्ट्याला मापपट्टी लावली तर ते ६ मीटर येतं. मोजताना काढलेले फोटो आणि ट्रेसिंगची प्रत अर्जाला जोडली आहे.

ही पाच मीटरची तफावत आमच्यासाठी काय आहे ते सांगते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा सगळ्यांच्या तोंडपाठ आहे. त्या रात्री उल्हास नदीकाठच्या गावांत काय झालं याची आठवण कमी लोक काढतात. पुढे २०१९ च्या जुलैत बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्याने वेढली गेली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. तेव्हा पुन्हा आमच्या भागाचं नाव बातम्यांत आलं. आमच्या इमारतीच्या जिन्यातल्या भिंतीवर पेन्सिलच्या दोन रेघा आहेत. मीच काढल्यात, शेजारी तारखा लिहून. २००५ ची रेघ पाचव्या पायरीशी आहे आणि २०१९ ची सहाव्या. मधल्या चौदा वर्षांत काय झालं ते आम्ही रोज बघत होतो. राडारोड्याचे ट्रक रात्री यायचे आणि नाल्याचा काठ थोडा थोडा आत सरकायचा.

पुराच्या दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर तळमजल्यावरच्या काकूंनी लेकीची दहावीची पुस्तकं गच्चीवर वाळत घातली होती. एकेक पान सुटं करून, वर चमचे-वाट्या ठेवून. मुलगी शेजारी बसून चिकटलेली पानं पट्टीने सोडवत होती. ते दृश्य मला विसरता येत नाही. आता त्याच नाल्याच्या पसरण्याच्या जागेवर इमारती येणार असतील, तर सातवी पायरी कुणाच्या हिशेबात धरायची?

नदीला पूररेषा असतात. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. त्यांच्या आत काय बांधायचं आणि काय नाही याचे नियम आहेत. नाल्याला मात्र बहुतेक शहरांत अशी रेषाच नसते, आणि आमच्यासारख्या उपनगरांत घरात पाणी शिरतं ते आधी नाल्यातूनच. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २२ मध्ये विकास योजनेत काय काय असावं याची यादी दिली आहे. पूरनियंत्रणाचे प्रस्ताव त्या यादीत स्पष्ट लिहिलेले आहेत. तुमच्या अहवालात पूरनियंत्रणावर अर्धं पान आहे आणि त्यात आमच्या नाल्याचं नावही नाही.

आता मैदान.

शाळेमागचं मैदान चालू आराखड्यात खेळाच्या मैदानासाठी आरक्षित होतं. जमीन खाजगी मालकीची. याच अधिनियमाचं कलम १२७ सांगतं की आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादन केली नाही तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरही ठरावीक मुदतीत पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. आमच्याकडे तेच झालं. मालकाने कायद्याने दिलेला हक्क बजावला, त्यांना मी दोष देत नाही. दहा वर्षं त्यांची जमीन अडकवून ठेवली, मोबदला दिला नाही, मग त्यांनी काय करावं? दोष आहे तो आरक्षणाचा रंग भरून झाल्यावर तिकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या कारभाराचा.

नव्या आराखड्यात त्या मैदानाची जागा पिवळी झाली आहे. बदल्यात रुळांपलीकडे, वस्ती संपते तिथे, तेवढंच क्षेत्र हिरवं दाखवलंय. अहवालाच्या तक्त्यात मोकळ्या जागांची बेरीज बरोबर येते. पण आमच्या बाजूच्या मुलाला तिथे पोचायचं तर एक तर रूळ ओलांडायचे किंवा स्थानकाच्या पुलावरून मोठा वळसा घ्यायचा. चालत जाता येईल इतक्या अंतरावर मैदान हे तुमचं तत्त्व इथे मोडलं आहे. आई-बाप मुलाला एकट्याला तिकडे पाठवणार नाहीत, हे कुठल्याही आईला विचारा.

एकदा पहाटे साडेपाचला त्या मैदानावर या, अशी विनंती आहे. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली चुन्याने आखलेल्या रेषेवर आठशे मीटर धावतात. एका कडेला गोळाफेकीसाठी त्यांनी स्वतः वर्तुळ आखलंय. सहानंतर म्हातारी माणसं येतात, मग क्रिकेटवाले, दुपारी शाळेचा पीटीचा तास. या मुलींकडे जिमचे पैसे नाहीत आणि धावायला दुसरी जागा नाही. त्यांच्यातल्या एकीने मला विचारलं की मैदान जाणार ते यंदाच्या भरतीआधी की नंतर. माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असेल तर तिला द्या.

केंद्र सरकारच्या नगरनियोजनाच्या मार्गदर्शक सूचनांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असं म्हटलंय. आमच्यासारख्या शहरात तेवढी मिळणार नाही हे मलाही कळतं. पण आहे ती तरी का घालवायची? सुनावणीआधीच्या बैठकीत एका अधिकाऱ्यांनी सांगितलं की प्रत्येक मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के मोकळी जागा सोडावीच लागते, त्यामुळे चिंता नको. ती दहा टक्के जागा मी कागदावर अनेकदा काढलेली आहे. ती सोसायटीच्या कुंपणाच्या आत असते आणि फाटकावर रखवालदार असतो. भरतीच्या मुलींना तो आत सोडत नाही.

रंगांच्या न्यायाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आराखड्यावर गावात सगळ्यात जास्त बोललं जातं ते याबद्दल, आणि तेही दबक्या आवाजात.

‘जागा पिवळी झाली का?’ हा प्रश्न आता आमच्याकडे चहाच्या टपरीवर तब्येतीच्या चौकशीसारखा विचारला जातो. ज्याची झाली तो हसतो, ज्याची नाही तो गप्प होतो. आमच्याकडे भाजी घेऊन येणारे एक शेतकरी आहेत. पावसाळ्यात भात, मग भेंडी, काकडी, वाल. त्यांची जमीन गेल्या आराखड्यात हिरवी होती, यातही हिरवीच आहे. मधला रस्ता ओलांडला की समोरचे सगळे गट पिवळे. त्यांनी सातबारा माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, “ताई, पलीकडची माती नि माझी माती एकच. पाट एकच. मग रंग दोन कसे?” मी अहवालात उत्तर शोधलं. कोणता पट्टा का बदलला याचं कारण कुठेच दिलेलं नाही. प्रस्तावित भूवापर बदल असं शीर्षक आहे आणि खाली गट क्रमांकांची रांग.

एका रंगाने माणूस श्रीमंत होतो आणि दुसऱ्याने वीस वर्षं अडकतो. एवढी ताकद असलेला निर्णय विनाकारण घेतलेला दिसला की लोक आपापली कारणं लावतात. ती मी इथे लिहिणार नाही, कारण माझ्याकडे पुरावा नाही. पण तुम्ही कारण लिहिलंत तर कुणाला तर्क करावा लागणार नाही.

हिरवं राखायचं असेल तर हिरवं राखणाऱ्याला काहीतरी द्यावं लागेल, हेही मला मान्य आहे. पुण्याचं उदाहरण तुमच्यासमोर आहेच. हद्दीत आलेल्या २३ गावांच्या आराखड्यात टेकड्यांवरच्या ९७८ हेक्टरवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण पडलं. नागरिकांनी त्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला आणि मला त्यांचा अभिमान वाटतो. पण जमीनमालकांना काय मोबदला द्यायचा याचा घोळ संपता संपला नाही आणि दरम्यान टेकड्यांच्या पायथ्याशी बांधकामं चढत राहिली. हिरव्या रंगाचा सगळा भार त्या भाजीवाल्या शेतकऱ्याने एकट्याने उचलायचा आणि पुरापासून वाचण्याचा फायदा आम्ही इमारतीतल्यांनी घ्यायचा, हे तुमच्याच पाचव्या तत्त्वात बसत नाही. त्यांना विकास हक्क (दुसरीकडे बांधकाम करण्याचा किंवा तो विकण्याचा हक्क) द्या, पैसे द्या, भाडं द्या, मार्ग तुम्ही ठरवा. पण मार्ग ठरवल्याशिवाय रंग भरू नका.

बाकीच्या दोन गोष्टी थोडक्यात. स्थानकाजवळ दाटी वाढवायची म्हणता, पण स्थानकाभोवतीच्या जुन्या चाळींसाठी नकाशात रस्तारुंदीकरणाची रेघ सोडून काही नाही. त्यांच्या पुनर्विकासाचा विचार नाही. उलट सगळी पिवळी वाढ बाहेरच्या वळणरस्त्याला आहे. तिथे बस जात नाही आणि पाण्याची वाहिनी अजून कागदावर आहे. आज आम्हाला नळाला एक दिवसाआड पाणी येतं. त्या हजारो नव्या घरांना पाणी कुठून देणार याची एकही ओळ मला सापडली नाही.

दुसरं म्हणजे जुन्या गावठाणातल्या घरांच्या खाली चालणारे उद्योग. पिठाची गिरणी, शिवणकामाच्या मशिनी, पापड लाटणाऱ्या बायकांचा गट, दोन लहान लेथ. विद्यमान भूवापराच्या, म्हणजे आज कुठली जमीन कशासाठी वापरली जाते ते दाखवणाऱ्या, नकाशात यातलं काहीच नाही, सगळं निवासी म्हणून एकसारखं पिवळं रंगवलंय. उद्या कुणी तक्रार केली की याच बायकांना नोटीस जाईल.

मला वाटतं, सगळ्या चुकांचं मूळ त्या विद्यमान भूवापराच्या नकाशातच आहे. कायद्याच्या कलम २५ प्रमाणे आधी जमिनीचं सर्वेक्षण करून हा नकाशा करायचा असतो, आराखडा त्यानंतर. हा क्रम जुना आहे. देशातला पहिला नगररचना कायदा १९१५ मध्ये आपल्या मुंबई इलाख्यातच झाला. त्याच काळात स्कॉटिश नगरनियोजक पॅट्रिक गेडिस हिंदुस्थानातली शहरं पायी हिंडत होते. पुढे १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. आधी पाहणी, मग निदान, मग योजना, हा त्यांचा आग्रह होता. आमच्या नाल्यावर कुणी पाहणीला आलं असतं तर तो सरळ निघालाच नसता. उपग्रहाच्या छायाचित्रात उन्हाळ्यातला नाला झाडीखाली झाकलेला दिसतो, वळणाची जागा मोकळी पडीक दिसते. तिथे काय आहे ते चपला चिखलात घातल्यावरच कळतं.

आणि भाषेबद्दल. तीनशेहून अधिक पानांचा अहवाल इंग्रजीत आहे. मराठीत आहे ती फक्त जाहीर सूचना. स्थानिक प्राधिकरणांचा कारभार मराठीत व्हावा म्हणून राज्याने २०२२ मध्ये कायदा केला. माझं काम नकाशाचं असल्यामुळे मला तो अहवाल वाचता आला. त्या शेतकऱ्यांना, गिरणीवाल्यांना, भरतीच्या मुलींना तो कुणी वाचून दाखवायचा? वाचताच आला नाही तर हरकत कशावर घ्यायची?

आराखडा परत घ्यावा लागला तर कमीपणा येईल असं तुम्हाला वाटत असेल, तर २०१५ चं वर्ष आठवा. मुंबईचा प्रारूप विकास आराखडा फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला, त्यातल्या चुकांवर लोकांनी रान उठवलं आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो नव्याने करायला सांगितलं. पुढच्या वर्षी सुधारलेला आला, २०१८ मध्ये मंजूर झाला. उशीर झाला, पण मुंबई थांबली नाही.

आणि चूक तशीच मंजूर केली तर तीही टिकतेच असं नाही. बंगळुरूमध्ये बागेसाठी राखलेली जागा खाजगी रुग्णालयाला दिली गेली, तेव्हा आसपासच्या रहिवाशांनी दाद मागितली आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पुण्यात शाळेसाठी आरक्षित असलेल्या जागेचं आरक्षण हलवून तिथे निवासी इमारत होऊ दिली, तो निर्णय २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला. पण या दोन्हींना वर्षानुवर्षं लागली. इमारत उभी राहिल्यावर न्याय मिळून मैदान परत येत नाही. आम्हाला कोर्टात जायचं नाही. आम्हाला तुमच्यासमोर बसून हे सोडवायचंय. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरनियोजन आणि जमिनीच्या वापराचं नियमन हे बाराव्या अनुसूचीतले, म्हणजे नगरपालिकांकडे सोपवता येणाऱ्या विषयांच्या यादीतले, पहिले दोन विषय केले. शहराचा आराखडा शहरातच, शहराच्या माणसांसमोर ठरावा म्हणूनच ना?

माझ्या मागण्या अशा.

नाल्यांची प्रत्यक्ष जागेवर मोजणी करा, तीही पावसाळ्यात, आणि त्यांचे काठ व पसरण्याच्या जागा नकाशात आहेत तशा दाखवा. आमच्या नाल्याच्या वळणाची जागा पिवळी करण्याचा प्रस्ताव मागे घ्या. नदीसारखीच नाल्यांचीही पूररेषा आखून होईपर्यंत त्यांच्या काठावरच्या एकाही जमिनीचा पट्टा बदलू नका.

शाळेमागचं मैदान मैदानच ठेवा. त्याचं संपादन कसं करणार, पैसे कोणत्या वर्षाच्या अंदाजपत्रकातून येणार हे आरक्षणाच्या तक्त्यातच लिहा. हाच नियम प्रत्येक आरक्षणाला लावा. ज्याच्या संपादनाची तयारी नाही ते आरक्षण दाखवून मालकालाही अडकवू नका आणि आम्हालाही आशेवर ठेवू नका.

ज्या ज्या गटाचा रंग बदलला आहे, त्या प्रत्येकापुढे कारण लिहा आणि ते पहिल्या प्रकरणातल्या कोणत्या तत्त्वाला धरून आहे तेही लिहा. मला ही मागणी सगळ्यात महत्त्वाची वाटते. एक रकाना वाढवायचा आहे फक्त. ज्या बदलापुढे तो रकाना भरता येणार नाही, तो बदल करू नका. मंजुरीनंतर कलम ३७ खाली होणाऱ्या किरकोळ फेरबदलांनाही हीच अट असावी, कारण योजनेचं स्वरूप न बदलणारे असं म्हणत एकेक मैदान त्याच वाटेने जातं.

हिरव्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांच्या मोबदल्याचं धोरण आराखड्याबरोबरच जाहीर करा. गावठाणातले छोटे उद्योग मोजा आणि त्यांना नकाशात जागा द्या.

अहवाल पूर्ण मराठीत द्या, नकाशे प्रभाग कार्यालयांत डोळ्यांच्या उंचीवर लावा, आणि त्यानंतर हरकतींची मुदत नव्याने मोजा. सुनावणीत प्रत्येकाला दोन मिनिटं देऊन पुढच्याला हाक मारू नका. हरकत फेटाळली तर का, ते लेखी कळवा.

नियोजन समितीतल्या तज्ज्ञ सदस्यांना एक वेगळी विनंती. सुनावणीआधी एकदा नाल्यावर या. शाळेच्या पुलापासून वळणापर्यंत चालायला वीस मिनिटं लागतात. टेप आणि ट्रेसिंग मी आणते, ती दोन मुलं येतील, शेतकरीदादाही येतो म्हणाले आहेत. पहाटे निघालो तर आधी मैदानावरून जाऊ. दिवस कळवावा. गमबूट असतील तर घालून या.

आपली,
एक रहिवासी
(निवृत्त आरेखक)

सोबत: नव्या-जुन्या शीटचं एकत्र ट्रेसिंग, नाल्याच्या रुंदीचे फोटो, हरकत अर्जाची पोच